लेकुरवाळा पाणढेकूण

माझ्या आईने उभं आयुष्य प्रसूतिगृहात काढलं. तिच्या हातात पहिल्यांदा रडलेली माणसं आता शहरभर पसरली आहेत, बँकेत, बाजारात, वाहतूक पोलिसांत, आणि त्यांतल्या एकालाही ती हे विसरू देत नाही. "तू पायाळू होतास रे," असं ती भर चौकात शिट्टी फुंकणाऱ्या पोलिसाला सांगते आणि तो बिचारा लाजून आमची गाडी सोडून देतो. अशी बाई निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. पण ती किडे पाळेल, असंही वाटलं नव्हतं.

पाण्यातले किडे. लोक काचेच्या पेटीत मासे ठेवतात, तशी ती किडे ठेवते. मासे का नाहीत, असं विचारलं की म्हणते, "माशांचं काय बघायचं? इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाळंतिणीचा नवरा बाहेर येरझाऱ्या घालतो, तो जन्मभर बघितला मी."

निवृत्तीनंतर ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा कपड्यांची एक बॅग आणि पेट्यांनी भरलेला टेम्पो घेऊन आली. खाली माझ्या नवऱ्याचा दातांचा दवाखाना, वर आमचं घर. वरची काचेची गॅलरी आईने ताब्यात घेतली आणि गच्चीवर आंघोळीच्या एका जुन्या टबचं तळं केलं. गॅलरीत पाण्यावर पाय न भिजवता पळणाऱ्या निवळ्या आल्या. पाठीवर पडून वल्ही मारणारे, साऱ्या जगाकडे उलटं बघणारे किडे आले. दिवसभर वाळक्या काडीचं सोंग घेऊन बसणारा आणि शेपटीच्या नळीने श्वास घेणारा पाणविंचू आला. पंखाखाली हवेचा बुडबुडा दाबून बुडी मारणारे भुंगे आले. यातले बरेचसे उडतातही, त्यामुळे प्रत्येक पेटीवर झाकण, झाकणाला जाळी आणि जाळीवर आईची नजर. त्यांना खायला डासांच्या अळ्या लागतात म्हणून ती गच्चीवर तोंडाला जाळी बांधलेल्या एका बादलीत डास वाढवते. सगळं जग डास मारण्याच्या मागे असताना त्यांना हौसेने वाढवणारी नर्स मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आईचा जीव कोणावर आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. ती त्या माणसाला फैलावर घेते. प्रसूतिगृहातल्या आया, दूधवाला, मी, माझा दादा, सगळे तिच्या तोंडाचा प्रसाद खाऊन वाढलो. ज्याच्याशी ती गोड बोलते, तो परका. आणि घरात ती गोड बोलायची ते एकाच माणसाशी, माझ्या नवऱ्याशी. "अहो डॉक्टर, घ्या ना अजून थोडं." "अहो डॉक्टर, तुम्ही कशाला उठलात?" जावयाला बोलायचं नसतं, हे तिच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की तो जेवताना पाण्याचा जग कलंडवायचा आणि ती म्हणायची, "असू दे, फरशी पुसायचीच होती."

त्यामुळे त्याच्या वाटचं सगळं माझ्या पदरात पडायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे लेकी बोले जावया लागे. फक्त जावयाला ते लागायचंच नाही, कारण तो खाली कोणाची तरी दाढ उपटत असायचा.

आता यात वाईट काय, असं कोणीही म्हणेल. सासूने गोड बोलावं म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. पण माझ्या नवऱ्याची आई तो शाळेतसुद्धा जात नव्हता तेव्हा गेली. हक्काने रागावणारं माणूस त्याला मिळालंच नाही. माझं रागावणं तो धरत नाही, ते त्याला मुबलक मिळतं. पण दूधवाला आईच्या शिव्या खाऊन हसत हसत जिना उतरायला लागला की हा खिडकीतून त्याच्याकडे हेव्याने बघत राहायचा. एकदा मला म्हणाला, "मी त्यांचा कोणीच नाही का गं?" मी म्हटलं, "जावई आहेस." तर म्हणाला, "तेच म्हणतोय मी."

आईच्या मनातही एक गोष्ट होती. हजारो बायकांच्या कळा तिने पाहिल्या आणि बाहेरच्या बाकावर डुलक्या काढणारे त्यांचे नवरेही पाहिले. "एकदा," ती म्हणायची, "मरायच्या आधी फक्त एकदा मला बाप्याला बाळंतपण काढताना बघायचंय." म्हणून तिने पाणढेकणाची जोडी आणली. हा किडा अंगठ्याच्या पेराएवढा, चपटा, तपकिरी, दिसायला अगदी सामान्य. पण त्याच्यात मादी अंडी घालते ती नराच्या पाठीवर. ओळीने चिकटवते, हात झटकते आणि चालती होते. मग तो नर ती अंडी घेऊन फिरतो. वर येऊन त्यांना हवा दाखवतो, खाली जाऊन ओली करतो, पुन्हा वर, पुन्हा खाली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्याला उडता येत नाही की धड पोहता येत नाही. "बरी खोड मोडली," असं म्हणून आई खुशीत हसायची. नराचं नाव तिने आगाऊच ठेवलं होतं, लेकुरवाळा.

लेकुरवाळा मात्र बरेच महिने संसाराला तयार नव्हता. मादी जवळ आली की हा शेवाळात तोंड खुपसायचा. आई काचेला नाक लावून बसायची आणि त्याला समजावायची. दुसरी जोडी आणायची सोय नव्हती. जिथून ही जोडी आणली ते गावाबाहेरचं डबकं बुजलं होतं आणि तिथे आता गाड्या उभ्या राहत होत्या.

हे सगळं आईने मला सांगितलं होतं. जावयाला नाही. जिने आयुष्यभर बाळंतपणं केली, ती बाई जावयासमोर अंडी, नर, मादी असले शब्द उच्चारायला लाजायची. "बरं दिसत नाही," म्हणायची.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

आई जुन्या मैत्रिणींना भेटायला परगावी गेली. जाताना माझ्या नवऱ्याला म्हणाली, "अहो डॉक्टर, पेट्यांकडे जरा लक्ष असू द्या हं." एवढंच. मला सांगताना ती 'हात लावलास तर तंगडी मोडीन' असं म्हणाली असती. याला मात्र जरा लक्ष, आणि वर हं. माझ्या नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा सासूने काम सांगितलं होतं. तो दर मोकळ्या वेळात वर जाऊन लक्ष देऊ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले तर बंद दवाखान्यातून शीळ ऐकू येत होती. हातून एखादं काम फारच सुंदर झालं असेल तरच हा शीळ घालतो. आत गेले तर कपाळावर भिंगाचा चष्मा, अंगठ्याला पट्टी आणि समोरच्या वाडग्यात लेकुरवाळा.

"बघ," तो म्हणाला. "आहे का कुठे डाग?"

"काय केलंस?"

"अगं, याच्या पाठीवर केवढं कीट चढलं होतं! दाण्याला दाणा लागलेला. सगळी पाठ भरलेली, बिचाऱ्याला हलता येत नव्हतं. इतकं जुनं कीट मी माणसाच्या तोंडातसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, आई यायच्या आत काढून टाकू. चावला मला, पण मी सोडतोय होय! एक एक दाणा अलगद खरवडला. मग पॉलिश मारलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लेकुरवाळ्याची पाठ दिव्याखाली आरशासारखी चमकत होती.

मी त्याला सांगितलं. ते कीट नव्हतं, ती अंडी होती. आई ज्याची वाट बघत होती ते ती जिना उतरल्याबरोबर झालं होतं आणि ती परत यायच्या आत यानं ते खरवडून काढलं होतं. तो हळूच रुग्णांच्या खुर्चीत बसला. "पण कोणी मला सांगितलं का नाही?" एवढंच म्हणाला. मी धावत वर गेले, तर पेटीचं झाकण उघडं, गॅलरीची खिडकी उघडी आणि मादी पसार. म्हणजे पुन्हा अंडी घालायलाही कोणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी आई आली. चपला काढायच्या आधी पेटीपाशी गेली. नवऱ्याने स्वतःच सगळं सांगितलं, काही न लपवता, शाळेतल्या पोरासारखं हात मागे बांधून. आईचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता फुटणार. नवऱ्यालाही वाटलं असावं, कारण तो अर्धं पाऊल पुढे सरकला.

"बरं केलंत," आई म्हणाली. "स्वच्छता केव्हाही चांगलीच."

आणि स्वयंपाकघरात येऊन, दार लावून, तिने मला जे काही झोडपलं त्याला तोड नाही. मी काय झोपा काढत होते? माझ्या डोक्यात काय भुसा भरलाय? बापाच्या पाठीवेगळी झालेली अंडी जगतात का कुठे? त्यांना वर कोण नेणार, खाली कोण नेणार, बुरशी कोण झाडणार? मग ती एकदम थांबली आणि स्टुलावर बसली.

"मी दादाकडे जाते," ती म्हणाली. "त्याला फोन करते. पुढच्या रविवारी येईल गाडी घेऊन."

"आई, वहिनी घरात माशी आली तरी पडदे धुवायला काढते. तुझ्या पेट्या घेईल ती?"

"देऊन टाकीन पेट्या."

"आणि तू काय करशील तिथे?"

"बसेन. पण इथे नाही राहता येत गं मला. जावयाला बोलता येत नाही, आणि न बोलता मला राहता येत नाही. सगळं इथे येऊन अडकतं." तिने गळ्यापाशी हात धरला. "जीव गुदमरतो माझा."

मला तिचा राग आला, त्याचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. किड्यांशिवाय आई म्हणजे दादाच्या चकचकीत घरात कोपऱ्यात ठेवलेली खुर्ची झाली असती. ती तिथे वर्षभरात म्हातारी झाली असती. आणि मला ती हवी होती, मला शिव्या घालणारी, माझ्याच घरात.

मी दार उघडलं तर नवरा बाहेर पाण्याचा रिकामा पेला घेऊन उभा. त्याने शब्दन् शब्द ऐकला होता.

"ती अंडी मी फेकली नाहीत," तो कुजबुजला. "ओल्या कापसावर ठेवलीत, खाली. कसलं कीट आहे ते नंतर भिंगातून बघणार होतो."

मग तो दवाखान्यात गेला आणि भिंग लावून बसला. फुटलेली अंडी बाजूला केली, धड होती ती निवडली. लेकुरवाळा आता पुन्हा पाठ द्यायला तयार नव्हता. त्याच्याजवळ बोट नेलं की तो चावायला धावायचा, आणि त्याचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. तेव्हा दुसरी पाठ शोधायला हवी होती. ओलाव्यात टिकणारी, थोडी बाकदार, अपाय न करणारी. दातांच्या डॉक्टरला अशी वस्तू कुठली सुचणार? त्याने कपाटातून एक कवळी काढली.

ती बँडमास्तरांची जुनी वरची कवळी होती. हे मास्तर आमच्याच गल्लीत राहतात, स्वतः कर्णा फुंकतात. त्यांना नुकतीच नवी कवळी बसवली होती आणि जुनी मापासाठी आमच्याकडेच राहिली होती. टाळूच्या बाजूला, जिथे जीभ लागते तिथे, नवऱ्याने कवळी चिकटवायच्या पेस्टने एकेक अंडं ओळीत बसवलं. मग पेटीतलं पाणी एका पेल्यात घेऊन कवळी त्यात सोडली.

राहिला प्रश्न वर-खाली करण्याचा. दिवसभर रुग्ण असताना कवळी हातात धरून कोण बसणार? त्याने दात साफ करायचा दोरा घेतला, एक टोक कवळीला बांधलं, दोरा डोक्यावरच्या दिव्याच्या दांड्यावरून घेतला आणि दुसरं टोक रुग्णाच्या खुर्चीला बांधलं. आता पायाने कळ दाबून खुर्ची खाली नेली की कवळी पाण्याबाहेर यायची, आणि खुर्ची वर घेतली की कवळी बुडायची. शिवाय मध्येच तो दातांवर मारायच्या पिचकारीने तिच्यावर हवा मारायचा, बुरशी धरू नये म्हणून.

त्या आठवड्यात आमच्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाने विनाकारण वरखाली प्रवास केला. समोरच्या दुकानातल्या शिंपीणबाई दाढ भरायला आल्या होत्या. त्या चूळ भरून म्हणाल्या, "डॉक्टर, होडीत बसल्यासारखं होतंय हो."

"रक्त खेळतं राहतं त्याने," नवरा म्हणाला.

"आणि या पेल्यातले दात कोणाचे?"

"ते मुरतायत."

शिंपीणबाई तोंड पुसून उठल्या. घरी जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दोन माणसं नुसती खुर्चीत बसायला आली.

मी नवऱ्याला म्हटलं, आईला सांग. तो नको म्हणाला. "नाही जगली, तर त्यांना ती दोनदा मेल्यासारखी होतील." रोज तो भिंगातून बघायचा. काही अंडी पांढरी पडायची, ती सुईने उचलून टाकायचा आणि उरलेली पुन्हा मोजायचा. जेवायला वेळेवर यायचा नाही, आला तरी घास हातात धरून कसला तरी विचार करत बसायचा. वर आई पेट्या पुसून रिकाम्या करत होती. ती त्याला म्हणायची, "अहो डॉक्टर, घ्या ना अजून थोडं," आणि तो म्हणायचा, "नको आई, पुरे." असं दोघांचं गोड गोड चाललं होतं. मला दोघांच्या डोक्यात पाट घालावासा वाटत होता.

शनिवारी सकाळी त्याने मला हाताला धरून भिंगापाशी नेलं. राहिलेली अंडी टपोरी, लांबट झाली होती आणि प्रत्येकाच्या टोकाशी दोन तांबूस ठिपके होते.

"डोळे आलेत," तो म्हणाला. "आज नाहीतर उद्या."

"उद्या दादा येतोय."

"म्हणूनच म्हणतो, आजच होऊ दे."

दुपारी बँडमास्तर तणतणत आले. नवी कवळी शीळ घालते, म्हणाले. कर्ण्यात फुंकर मारली की आधी कवळी वाजते मग कर्णा, आणि पोरं हसतात. नवऱ्याने त्यांना खुर्चीत बसवलं, सवयीने कळ दाबली आणि हात धुवायला वळला.

खुर्ची खाली गेली. आणि मास्तरांच्या डोळ्यांसमोर, पाणी निथळत, त्यांची जुनी कवळी पेल्यातून हळूहळू वर आली.

"अरे! ही तर माझीच!" मास्तर म्हणाले. कितीतरी वर्षांची सोबतीण भेटल्यावर माणूस आणखी काय करणार? नवी कवळी काढून त्यांनी खिशात टाकली आणि जुनी तोंडात घातली.

मी दारातून पाहिलं तेव्हा मास्तर समाधानाने डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या ओठांतून निघालेला दोरा दिव्याच्या दांड्यापर्यंत गेला होता. नवरा वळला. जन्मभर तो लोकांना 'आ करा' म्हणत आला होता. आता त्याने स्वतःच 'आ' केला.

मास्तरांनी डोळे उघडले. "डॉक्टर," ते म्हणाले, "हिला खडबड कशी आली?" मग जीभ फिरवून बघितली. "आणि ती हलते कशी?"

"आईऽऽ!" मी ओरडले. संकटात सगळेच तसं ओरडतात, पण माझी आई खरोखर येते.

ती जिन्यावरून आली, हातात पेटी पुसायचं फडकं. दोरा पाहिला, रिकामा पेला पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला. "अंडी," तो कसाबसा म्हणाला. "कवळीवर. जिवंत आहेत."

आईला दुसरा शब्द लागला नाही. ती मास्तरांच्या उशाशी उभी राहिली आणि माझ्या जन्माच्याही आधीपासून प्रसूतिगृहात घुमणारा तो आवाज आमच्या दवाखान्यात घुमला.

"मास्तर, माझ्याकडे बघा. तोंड उघडा. मिटायचं नाही! गिळायचं तर अजिबात नाही. नाकाने श्वास घ्या. लांब. सोडा. घाबरायचं काही कारण नाही, सगळ्यांचं होतं."

"काय होतं?" असं मास्तरांना विचारायचं असावं, पण तोंड उघडं ठेवायचं होतं.

"जोर लावू नका. मी सांगेन तेव्हा जीभ खाली. आता! शाबास. अजून थोडं. आलं, आलं, आलंच!" आणि तिने दोन बोटांनी कवळी अलगद बाहेर घेतली. "कात्री!"

नवऱ्याने कात्री दिली. आईने दोरा कापला.

कवळीच्या टाळूवर अंड्यांची टोपणं उघडत होती. एकेका टोपणातून फिकट पिवळं, मुंगीएवढं पिल्लू मान बाहेर काढत होतं, पाय सोडवत होतं आणि आईच्या तळहातावर उतरत होतं. एक मास्तरांच्या खालच्या ओठावर बसलं होतं, ते तिने ओल्या कापसाने टिपलं. मास्तरांच्या तोंडातल्या उबेने घाई झाली असेल, किंवा त्यांची वेळच भरली असेल. मला एवढंच दिसलं की आईचे डोळे भरले होते आणि तिला ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"घाबरू नका मास्तर," ती म्हणाली, "बाळ-बाळंतीण सुखरूप."

"बाळंतीण कोण?" मास्तरांनी बोळक्या तोंडाने विचारलं.

पिल्लं पेल्यात सोडून झाली. आईने पेला टेबलावर ठेवला, हात पुसले आणि ती जावयाकडे वळली.

"अहो डॉक्टर," तिने सुरुवात केली. "तुम्ही हे जे..." आणि थांबली. तिचा हात गळ्याकडे गेला. पुन्हा 'बरं केलंत' म्हणाली असती तर मी त्या दोघांना तिथेच सोडून दादाकडे गेले असते.

"अरे मेल्या!" आई गरजली. "कवळीवर अंडी चिकटवतात? आणि ती कवळी माणसाच्या नाकासमोर टांगतात? त्यांनी गिळली असती म्हणजे? अक्कल काय भुलीची सुई टोचून बधिर केलीयस? कीट म्हणे कीट! विचारायला तोंड नव्हतं तुला? जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडलीस, स्वतःचं उघडायला काय झालं होतं? माझी मादी घालवलीस झाकण उघडं टाकून! कुठलंच झाकण लावत नाहीस तू, डब्याचं नाही, बाटलीचं नाही, लग्न झाल्यापासून बघतेय मी! आणि आठवडाभर हे सगळं एकट्याने करत बसलास, मला सांगावंसं वाटलं नाही? मी काय मेले होते वर? जेवत नाहीस, झोपत नाहीस, गालफडं बघ कशी बसलीत! उभा राहतोस तो पोक काढून, सरळ उभा राहा आधी!"

माझा नवरा सरळ उभा राहिला. त्याची मान खाली होती, पण कानापासून कानापर्यंत पसरत चाललेलं हसू त्याला आवरत नव्हतं.

"हसतोयस काय, गाढवा?"

"नाही आई," तो म्हणाला.

"पिल्लांना चिमटा लावायचा नाही. आजपासून त्यांचं पाणी तू बदलायचंस. वेगवेगळी ठेव, नाहीतर एकमेकांना खातील. आणि लेकुरवाळ्याची पाठ घासलीस त्याबद्दल तर मी अजून काही बोललेच नाहीये."

"डॉक्टर," मास्तर मध्येच म्हणाले, "मी कोणते दात लावू?" मी त्यांच्या खिशातली नवी कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली. ते ती न लावताच बसून राहिले. त्यांना जायचं नव्हतं, त्यांना ऐकायचं होतं.

आईने दम घेतला. तिच्या तोंडावर कितीतरी वर्षांनी रंग आला होता. "आता पुरे. बाहेर पेशंट खोळंबलेत. राहिलेलं जेवताना सांगते," असं म्हणून ती पेला सांभाळत जिना चढली. वरून तिचा फोनवरचा आवाज आला. ती दादाला सांगत होती, उद्या येऊ नकोस रे, इथे तान्ही पोरं आहेत घरात.

नवरा माझ्याजवळ आला. "ऐकलंस?" तो म्हणाला. "मेल्या म्हणाल्या मला. गाढव म्हणाल्या." आणि चष्मा काढून बाहीने डोळे पुसायला लागला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि बाहेर शिंपीणबाई विचारत होत्या की आत कोणाची दाढ काढली, एवढा आरडाओरडा कसला.

त्या संध्याकाळी आईने भांडी मांडायच्या आधीच तो हातपाय धुऊन जेवायला येऊन बसला.